उलटे आटे

चैत्र लागला तसा यंदाही कूलर बाहेर काढला, आणि त्याच्या पंख्यानं पहिल्याच दिवशी खडखडाट करून घर डोक्यावर घेतलं. दुरुस्तीला जो माणूस आला त्यानं वाळ्याची ताटी बाजूला केली, पंख्याच्या मधल्या नटावर पाना लावला आणि माझ्याकडे वळून, लहान मुलांना समजावतात तशा आवाजात म्हणाला, "आजी, याचे आटे उलटे राहतात बरं. सीधा समजून फिरवला तं नट ढिला होत नाही, अजून कसते. तुमाले नाही समजणार ते."

"मले नाही समजणार? मले?" मी म्हटलं. राग आला की माझी भाषा आपोआप माहेरची होते. "तू जन्मला नव्हता तवा मी उलट्या आट्यांचे नट हातानं कसले आहेत. तू मले शिकवून राहिला काय?"

तो बिचारा पाना हातात धरून उभाच राहिला. सून आतून पळत आली. "काय झालं आई?" काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते पन्नासेक वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. पण नागपूरचा उन्हाळा परत आला की माझा तो जुना राग त्याच्या मागोमाग येतो. दारात चपला काढतो, आत येतो, आणि मृग लागेपर्यंत हलत नाही.

नागपूरचा उन्हाळा आपल्याला आवडतो असं म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाहीतर पुण्यात राहतो. सकाळी नऊलाच रस्ता पांढरा दिसायला लागतो. नळाला हात लावला की चटका. दुपारी एकापासून पाचपर्यंत सगळं गाव दारं लावून अंधारात पडून राहतं, आणि बाहेर लू एकटीच फिरत असते. याच्यात आवडण्यासारखं काय आहे ते मला कुणी सांगावं. हां, कडुनिंबाचा मोहोर आहे. संध्याकाळी अंगणात पाणी मारल्यावर जो वास येतो तो आहे. रसवंतीवरची घुंगरं आहेत. पण माझ्या डोक्यात या सगळ्या वासांच्या वर ग्रीसचा वास बसलेला आहे. तो काही केल्या उतरत नाही.

मला एका शर्यतीत गाडी चालवायची होती. एवढीच गोष्ट. लोकांना वाटतं रागाला मोठं कारण लागतं. नाही लागत.

आमचं घर सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे. बाबांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. धोतर, काळी टोपी, आणि आयुष्यात एकच उधळेपणा: एक जुनी विलायती मोटार. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत कोणी एक परदेशी इंजिनिअर होता. तो आपल्या देशी परत जाताना ती गाडी मागे टाकून गेला, आणि कोणाच्या तरी ओळखीनं ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. दोन दारांची, पाठीत वाकलेली, हिरवी. तिचं स्टीअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांचं उजवीकडे, हिचं डावीकडे. शेजारपाजारचे लोक फक्त तेवढंच पाहायला येत. "बाप्पा! मंग ड्रायव्हर बसते कुठी?" असं विचारून झालं की चहा पिऊन जात.

माझा दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो मित्रांच्या जीपवर गाडी शिकला होता, त्यामुळे आमच्या गाडीत बसला की गिअर शोधायला त्याचा डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. दर वेळी आपटायचा. मी मात्र पहिल्यांदा शिकले तीच ही गाडी. माझ्या हाताला दुसरी सवयच नव्हती. तलावाच्या रस्त्यानं पहाटे मी तिला फिरवायची आणि बाबा बाजूला टोपी मांडीवर ठेवून बसायचे. एकदा जेवताना तेच म्हणाले होते, "गाडी खरी नलूच्या हातची आहे." दादाला ते लागलं असणार. त्यानं वरण जास्त वाढून घेतलं.

त्या वर्षी गावातल्या मोटारवाल्यांच्या क्लबानं जुन्या गाड्यांची रॅली ठेवली. सिव्हिल लाइन्समधल्या मैदानातून निघायचं, सावनेरवरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि ठरल्या वेळेत परत यायचं. तीही भर एप्रिलात! क्लबाच्या साहेबांची बदली होणार होती आणि जाण्याआधी त्यांना आपली हौस भागवून घ्यायची होती म्हणे. नियम एकच होता, की गाडीत दोघं पाहिजेत. एकानं चालवायची आणि दुसऱ्यानं नकाशा आणि घड्याळ सांभाळायचं. बाबा म्हणाले, "नलू चालवीन, तू घड्याळ पाह्य." दादा म्हणाला, "हाव." माझ्या कानांनी ऐकलेलं आहे ते हाव.

पण गाडीची चाकं गेलेली होती. रिमांना गंज लागून भोकं पडली होती, आणि नट असे जाम बसले होते की छिन्नीनं कापून काढावे लागले. त्याबरोबर हबमधले बोल्टही गेले. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो मधला लोखंडी गोळा. त्यात पाच बोल्ट ठोकून बसवलेले असतात, त्यावर चाक चढवायचं आणि बाहेरून नट कसायचे. विलायतेहून सामान मागवायचं तर पुढचा उन्हाळा उजाडला असता. म्हणून बाबांनी नत्थू मिस्त्रीला बोलावलं.

नत्थू मिस्त्रीचं गॅरेज आमच्याच रस्त्याला, एका चिंचेखाली. ट्रक, जीप, मेटॅडोर, ट्रॅक्टर, जे येईल ते तो दुरुस्त करायचा. आवाज मोठा, पोट मोठं, आणि तोंडात एकच शब्द: चालते. ब्रेक जरा उशिरा लागतो नत्थूभाऊ. चालते जी. दार लागत नाही. चालते. मला या शब्दाचा जो संताप आहे तो त्या उन्हाळ्यातला आहे. अर्धा विदर्भ या एका शब्दावर उभा आहे आणि म्हणूनच तो जरा कललेला आहे.

भंगारबाजारातून नत्थूनं पाच भोकांची चाकं शोधून आणली. भोकं बरोबर जुळत होती, त्यामुळे तो खूश. कुठले तरी तात्पुरते बोल्ट लावून चाक चढवलं, नट कसले, हातानं फिरवलं. चाक लचकत होतं. म्हाताऱ्या माणसाच्या चालीत असतो तसा एक हेलकावा, दर फेऱ्याला.

"लचकते आहे," मी म्हटलं.

"चालते. रोडवर गेलं का सीधं होते."

"रस्त्यावर गेल्यावर चाक कसं सरळ होईल?"

"बाई, मी काय आज पाना पकडून राहिलो?"

मी खाली वाकून पाहिलं. हबच्या मधोमध एक उंचवटा होता आणि चाकाचं मधलं भोक त्या उंचवट्याला नखभर कमी पडत होतं. चाक हबच्या तोंडावर टेकतच नव्हतं, उंचवट्यावर अडकून अधांतरी लटकत होतं. पाच नटांनी त्याला ओढून धरलं होतं एवढंच. मी हे सांगितलं तर नत्थूनं माझ्याकडे न बघता दादाकडे बघून उत्तर दिलं. ही एक पद्धतच होती. प्रश्न मी विचारायचा, उत्तर दादाला मिळायचं. दादा मान हलवायचा आणि मग ते उत्तर जणू त्याचंच असल्यासारखं मला सांगायचा. आजही बँकेत गेले की काउंटरमागचा माणूस माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मुलाला देतो. मग माझा आवाज चढतो, आणि मुलगा "आई, हळू" म्हणतो. कशाला हळू?

शेवटी लोखंड कातायच्या लेथवर जाऊन चाकांची मधली भोकं मोठी करून आणली. चाक हबला चिकटून बसलं. नत्थू म्हणाला, "पाह्य, म्या म्हटलंच होतं."

त्या दिवसांत घरी कुरड्यांचं चाललं होतं. गव्हाचा चीक शिजवून आई पहाटेपासून गच्चीवर. मी अर्धा वेळ सोऱ्या दाबायची आणि अर्धा वेळ गॅरेजात, त्यामुळे हाताला एकीकडून चिकाचा आंबूस वास आणि दुसरीकडून ग्रीसचा. आई वरून ओरडायची, "काहून वं, तुले घरचं काही दिसत नाही का? पोट्टी आहे का मिस्त्री आहे?" मी खालून ओरडायची, "दोन्ही!" ऊन इतकं असायचं की कुरड्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळायच्या. ते ऊन नत्थूनंही कामाला लावलं. बेअरिंगची कडी हबमध्ये घट्ट बसवायची होती. त्यानं दुपारभर हब गॅरेजच्या पत्र्यावर उन्हात टाकला, आणि कडी रसवंतीवरून आणलेल्या बर्फात गाडून ठेवली. हब तापून फुगला, कडी गारठून आखडली, आणि हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांत ती जागेवर गेली. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. नागपूरच्या उन्हाचा कोणाला काही उपयोग झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याबद्दल नत्थूला मानायलाच पाहिजे. रागाच्या भरात मी माणसाचं चांगलं विसरत नाही.

मग नवे बोल्ट. आता हे नीट ऐका, कारण सगळी गोची इथेच आहे. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या चाकांच्या बोल्टांना सरळ आटे असतात आणि दुसऱ्या बाजूच्या बोल्टांना उलटे. कारण साधं आहे. चाक फिरता फिरता नटालाही आपल्याच फिरण्याच्या दिशेनं जरा जरा ओढत नेतं. त्या ओढीनं नट सैल न होता उलट कसला जावा, म्हणून ही सोय. नत्थूला कारण माहीत नव्हतं, पण नियम तोंडपाठ होता. त्याच्या उस्तादानं त्याला जसा शिकवला तसा: ड्रायव्हर साइड सीधी, क्लीनर साइड उलटी. ट्रकात ड्रायव्हर एका अंगाला बसतो आणि क्लीनर दुसऱ्या अंगाला लटकतो. आपल्याकडे कोणी मिस्त्री डावं-उजवं म्हणत नाही. ड्रायव्हर साइडचा आरसा, क्लीनर साइडचा दिवा. नत्थूनं बोल्ट करून आणले, स्टीअरिंग असलेल्या बाजूला सरळ आट्यांचे ठोकले आणि दुसऱ्या बाजूला उलट्या आट्यांचे. नियमाप्रमाणे. अगदी बरोबर नियमाप्रमाणे.

तिथे बसलेल्या आम्हा कोणाच्याही डोक्यात आलं नाही की ही गाडी उलटी आहे. हिचा ड्रायव्हर क्लीनरच्या जागी बसतो.

रॅलीच्या आठवडाभर आधी आम्ही सावनेरच्या रस्त्याला गाडी काढली. पहाटेची वेळ, मी चालवते आहे, दादा शेजारी घड्याळ घेऊन, मागे बाबा आणि नत्थू. रस्त्याच्या कडेला पळसाची फुलं गळून पडलेली, खिडकीतून मोहाचा गोड वास. गाडी अशी चालली होती की मी गाणं म्हणत होते. परत फिरलो आणि थोड्या वेळानं स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. मी म्हटलं, "काहीतरी होतंय, थांबवते." दादा म्हणाला, "आता काहून थांबतं? टाइम चालू आहे." मी पाय उचललाच होता तेवढ्यात गाडी उजवीकडे खाली बसली, लोखंड डांबरावर किंचाळलं, आणि आमचंच एक चाक आमच्या पुढे निघून गेलं. ऐटीत गेलं. रस्ता ओलांडून, बांधावरून उडी मारून, एका माणसाच्या कांद्याच्या वावरात जाऊन आडवं झालं. मी गाडी सरळ धरून कडेला आणली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. याबद्दल मला कोणी शाबासकी दिली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या घराला ओळखत नाही.

"ब्रेक असा कचकन मारला अशीन," नत्थू म्हणाला. मला नाही, बाबांना म्हणाला.

"वळणावर जोरात घेतली तिनं," दादा म्हणाला.

"पोरीच्या हातात जोर नाही. नट तिनंच कसले होते ना सकाळी?" हेही त्या दोघांतलंच कोणीतरी म्हणालं. मी कसले नव्हते. नत्थूनं कसले होते, पान्यावर उभं राहून, पोटासकट.

घरी आल्यावर बाबा हात धुता धुता म्हणाले, "नलू, रॅलीत दादा चालवीन. तू घड्याळ पाह्य."

ती गोष्ट आमच्या घराण्यात अजून चालू आहे. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की कोणीतरी सुरू करतंच: नलूआत्यानं गाडी चालवली अन् चाकच पळून गेलं! सगळे खो खो हसतात. मागच्या वर्षी एका पुतणीच्या नवऱ्यानं मला ती माझ्याच तोंडावर सांगितली, चाकाच्या आवाजासकट. मी हसले नाही. लोक म्हणतात, आत्याला विनोद कळत नाही. कळतो मला. खोटेपणाही कळतो.

तर, मी रडत बसले नाही. रडणं मला जमतच नाही, माझे कान तापतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. चाक परत बसवलेलं होतं आणि नत्थूनं सगळे नट पुन्हा कसले होते. मी एक खडू घेतला आणि प्रत्येक नटापासून चाकावर एक सरळ पांढरी रेघ ओढली. अर्धी रेघ नटावर, अर्धी चाकावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटणार.

"हे काय रांगोळी काढून राहिली?" दादा म्हणाला.

"तूच चालव," मी म्हटलं. "सावकाश चालव. वळणावर तर अगदी नवरदेवाच्या घोड्यासारखी चालव. मी मागे बसते, कशाला हात लावत नाही."

कामठी रस्त्यानं जाऊन आलो. त्यानं खरंच हळू चालवली, ब्रेकही हलकेच. चिंचेखाली परत येऊन उतरलो आणि पाहिलं, तर रेघा तुटलेल्या. एका चाकाच्या नाही, चारही चाकांच्या. प्रत्येक नट थोडा थोडा सरकलेला, आणि चाक ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला सरकलेला. दोन्ही बाजूंना सैल होत चाललेला.

"आता बोला," मी म्हटलं. "आज कोणी कचकन ब्रेक मारला? कोणाच्या हातात जोर नव्हता?"

नत्थू खाली बसला. एक नट हातानं फिरवला, मग पलीकडे जाऊन दुसरा फिरवला. "असं काहून होऊन राहिलं? ड्रायव्हर साइड सीधी आहे. क्लीनर साइड उलटी आहे. बराबर आहे."

मी त्याच्या मागून चालत होते, आणि तो शब्द माझ्या कानात अडकला. ड्रायव्हर साइड. मी विचारलं, "नत्थूभाऊ, तुमच्या ट्रकात ड्रायव्हर कोणत्या हाताला बसतो?"

"उजव्या. अजून कुठी बसन?"

"आणि या गाडीत?"

त्यानं स्टीअरिंगकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. चिंचेवर कावळा ओरडत होता आणि दादा उगाच रुमालानं मान पुसत होता. मग नत्थू मोठ्यानं हसला, अगदी पोट धरून. "अरे च्यामायले! हा तं आपल्या उस्तादानंच आपल्याले फसवलं!" त्याला खरंच गंमत वाटली होती. मला गंमत वाटली नाही. ज्या वाक्यासाठी मला गाडीतून उतरवलं ते वाक्य इतकं पोकळ निघालं याची मला चीड आली होती. कोणी आयुष्यात एकदा तरी "का" विचारलं असतं तर! पण का विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं. मग एक दिवस गाडी उलटी येते आणि पाठ केलेलं सगळं चाकासकट वावरात जातं.

दोन दिवस आम्ही बोल्ट ठोकून काढत होतो आणि बाजू बदलून ठोकत होतो. डावीकडे उलटे, उजवीकडे सरळ. ऊन इतकं की पाना ओल्या फडक्यात धरावा लागायचा. कांदा खिशात ठेवला की लू लागत नाही म्हणतात, म्हणून आईनं माझ्या ओढणीला कांदा बांधून दिला होता आणि वर बडबडतही होती. मी पुन्हा रेघा ओढल्या. दादानं पुन्हा चालवली. या वेळी जाऊन आलो तर एकही रेघ तुटली नव्हती. नत्थूनं माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग मी मुलगी आहे हे आठवून तो हात दादाच्या पाठीवर मारला.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. रेघा, आटे, ड्रायव्हर साइड. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. दोनदा "अस्सं" म्हणाले. मग म्हणाले, "भल्लं डोकं लावलं पोरीनं. बरं झालं, आता गाडी पक्की झाली. आता दादा बिनघोर चालवीन."

मी म्हटलं, "दादा का? चूक माझी नव्हती हे कळलं ना?"

"कळलं न बेटा. पण आता गांधीबागेत सगळ्याइले माहीत झालं चाक निघाल्याचं. उद्या अजून काही झालं तं लोक मले म्हणतीन, पोरीच्या हातात दिली होती."

हे मी आजपर्यंत कितीदा तरी घोळवलं आहे. भांडी घासताना, शाळेत पेपर तपासताना, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना. चूक सापडली, दुरुस्त झाली, सगळ्यांना पटली, आणि शिक्षा तशीच राहिली. मला तेव्हा वाटायचं की आपण बरोबर आहोत हे सिद्ध केलं की काम झालं. मग कळलं, की लोकांना तुम्ही चुकलात म्हणून जागेवरून उठवायचं नसतं. त्यांना उठवायचंच असतं, चूक मग शोधतात. आणि ती सापडली नाही तरी तुम्हाला परत बसवत नाहीत. शिकवायची नोकरी केली मी पुढे, तीस-पस्तीस वर्षं. मुलींना भूमिती शिकवताना मी हे शिकवू शकले नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

रॅलीच्या दिवशी उजाडताच मैदानात गाड्या लागल्या. बाबा दुकानामुळे आले नव्हते. हारतुरे, बँड, सरबत, शामियाना. गाड्यांवर एवढं पॉलिश की उन्हात बघवत नव्हतं. आमची हिरवी गाडी मधोमध, आणि खरं सांगते, तिच्यासारखी ऐटीत कोणीच उभी नव्हती. दादा स्टीअरिंगवर जाऊन बसला. नवा गॉगल लावला होता. इंजिन चालू. मी दाराशी उभी राहिले, हातात नकाशा आणि घड्याळ.

"बस न वं," तो म्हणाला.

"तू उतर. मी चालवते."

"नलू, इथी नको. सगळे पाहून राहिले."

"पाहू दे. चाबी दे."

"बाबानं काय सांगतलं?"

"बाबांनी आधी काय सांगितलं होतं? अन् तू काय म्हटलं होतं? हाव म्हटलं होतं न तू? मी ऐकलं आहे."

समोर झेंडेवाला एकेक गाडी सोडत होता. आमच्या पुढची गेली. माणूस हात हलवून आम्हाला बोलवायला लागला. एकट्याला जाता येत नव्हतं, नियम होता, आणि दादालाही ते ठाऊक होतं. मी नकाशा आणि घड्याळ गाडीच्या टपावर ठेवलं आणि हात पुढे केला. चाबीसाठी. मला वाटलं होतं तो देईल. मनापासून वाटलं होतं. लहानपणी सायकल वाटून घेतली होती आम्ही, कैरी वाटून घेतली होती. कितीही वेळ चालला तरी शेवटी देईल असं वाटत होतं.

दादानं इंजिन बंद केलं आणि चाबी शर्टाच्या खिशात टाकली.

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. झेंडेवाल्यानं आम्हाला बाजूला व्हायची खूण केली. दोन-चार लोकांनी आमची गाडी ढकलून कडेला नेली, चाकं लोण्यासारखी फिरली, कुठे लचक नाही, कुठे आवाज नाही. बाकीच्या सगळ्या गाड्या धूळ उडवत सावनेरच्या रस्त्याला लागल्या. मी रिक्षा करून घरी आले.

दुपारी जेवायला सगळे बसलो. दारं लावलेली, खिडकीत वाळ्याचा पडदा, आई वाढते आहे. बाबांनी विचारलं, "इतक्या लवकर कसे आले? काय झालं?"

दादा ताटाकडे बघत म्हणाला, "गाडीच सुरू झाली नाही. नत्थूनं काहीतरी घोळ करून ठेवला वाटते."

"त्या नत्थूले आज पाहतोच मी," बाबा म्हणाले.

माझे कान तापले. "गाडी सुरू होती," मी म्हटलं. "चाकं पक्की होती. नत्थूभाऊचा काही दोष नाही. मी चालवते म्हटलं, यानं चाबी दिली नाही, म्हणून गाडी गेली नाही."

बाबांनी दादाकडे पाहिलं. तो घास चावत राहिला. मला वाटलं आता बाबा त्याला बोलतील. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"म्हणजे चारचौघांत तूनं तिथी तमाशा केला?"

आमच्या घरात भांडण झालं की बाईमाणूस ताटावरून उठायचं, ही रीतच होती. आई उठायची, काकू उठायची. दिवसभर उपाशी राहायच्या आणि संध्याकाळी चहाबरोबर सगळं गिळायच्या. आई पोळी हातात घेऊन माझ्या ताटाशी वाकलेली तशीच थांबली, मी उठते आहे असं धरून.

"हो, केला," मी म्हटलं. "आई, पोळी वाढ. आणि वरणही दे, अजून पोट भरलं नाही माझं."